झऱ्यावरचा हंसराज

बल्लारपूर,
२ जुलै २०२४

आदरणीय मनसारामभाऊ,

नमस्कार. गिरजाबाईंनाही सांगा. आमच्याकडं सगळे मजेत. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालू आहे, म्हणजे गिऱ्हाईक कमी अन् चहा जास्त. बाईंच्या गुडघ्याला आता बरं आहे ना? त्यांनी दिलेली सुकी मासोळी अम्मीनं महिनाभर पुरवून पुरवून केली.

माझा एम.एस्सी.चा प्रबंध झाला. हंसराज नेच्याचं प्रकरण सरांनी दोनदा वाचलं. काळा चकचकीत देठ, त्यावर अर्धचंद्रासारखी पानं, शेंडा मातीला टेकला की तिथंच मूळ धरून पुढं सरकणारं रोप. हे पुस्तकातही सापडतं. पण बाईंनी पान पाण्यात बुडवून कोरडंच्या कोरडं बाहेर काढलं आणि माझं तोंड बघून हसल्या, ते मी प्रबंधात कुठं लिहू?

इतर नाल्यांवरचा हंसराज उन्हाळ्यात वाळून जातो. तुमच्या झऱ्याच्या दरडीवर मात्र मे महिन्यातही हिरवागार होता, कारण तिथं पाणी झिरपायचं थांबत नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बेटी, उन्हाळाभर गाव ह्याच पान्यावर जगते. जागा कोनाले सांगू नको." मी हो म्हटलं होतं.

बघा, पान भरत आलं तरी मी इकडचं तिकडचंच लिहितेय.

गेल्या आठवड्यात तुमच्या डिंपलचा फोन आला. "दीदी, जीपवाले आले अन् हंसराज विकाले मातीसकट खोदून घेऊन गेले. दरड झऱ्यात पडली, पानी गढूळ झालं. लोक म्हणून राह्यले, बाबानंच जागा दाखवली. मच्छीमार सोसायटीनं त्याले तलावात जाळं टाकाले मनाई केली." मी फक्त "अरे बापरे" म्हटलं आणि फोन ठेवला.

भाऊ, जागा मी सांगितली.

झाडांच्या हौशी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी फोटो टाकला. कोणीतरी जागा विचारली, मी नकाशासकट पाठवली. तिथूनच ती जीपवाल्यांच्या हाती लागली. कोणी धमकावलं नव्हतं, लालूच दाखवली नव्हती. लोकांनी वाहवा केली, तेवढ्यावर मी पाघळले. आणि तुमच्यावर आळ आला हे कळूनही आठ दिवस गप्प बसले. फार लाज वाटते. माफ करा असं लिहायलाही हात धजत नाही.

फोनवरचं बोलणं सभेत कोणी मानणार नाही, म्हणून हे सहीचं पत्र. चौदा तारखेला सोसायटीची सभा आहे ना? डिंपलनं हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं. मी सकाळच्या एसटीनं येतेच आहे. ज्याला जे बोलायचं ते त्यानं मला बोलावं. पण तिथं मला रडू कोसळलं तर सांगायचं राहून जाईल, म्हणून कागद आधी.

सोसायटीच्या मंडळींनो, मनसारामभाऊंनी ती जागा एकाच माणसाला दाखवली, तीही कोणाला सांगायची नाही असं बजावून. ते माणूस मी. त्यांचं जाळं त्यांना परत तलावात टाकू द्या.

जागा फोडणारी,
जैनब अयूब शेख