माझी केस मीच लढणार

४ फेब्रुवारी, सकाळी
भिंत! परसात भिंत! ऑफिसच्या दौऱ्यावर काय गेलो, इकडे दातवाल्याने विटांची भिंत बांधून टाकली. दातवाला म्हणजे शेजारचा डेंटिस्ट. माझ्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी लहान, पण हाक मारतो 'काका'. आधी दोन घरांच्या मध्ये तारेचं कुंपण होतं आणि लिंबाचं झाड आमच्या बाजूला होतं. आता झाड भिंतीपलीकडे. म्हणजे आमचं झाड जागच्या जागी उभं राहून परक्याचं झालं.
बायको म्हणाली, "आधी चहा घ्या." म्हणालो, इथे हद्द चालली आणि तुला चहा सुचतोय.
घेतला. पण रागातच घेतला.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
निश्चय. कोर्टात जाणार. वकील करणार नाही. बायकोचा भाऊ वकील आहे. म्हणून तर मुळीच करणार नाही. त्याने आमच्या साखरपुड्यात चारचौघांत माझं इंग्लिश सुधारलं होतं. आणि वकील म्हणजे तरी काय? आपलंच भांडण आपल्याला कळणार नाही अशा भाषेत लिहून देणारा माणूस. ते मला घरबसल्या जमतं.

७ फेब्रुवारी
स्वतःची केस स्वतः कशी लढावी यावरचं जाडजूड पुस्तक आणलं. पहिलं प्रकरण : आधी बोलून बघा. गाळलं. दुसरं : मालकीचे कागद तपासा. तेही गाळलं. घर कोणाचं हे मला पुस्तकाने सांगायचं? मी राहतो तिथे. तिसरं प्रकरण : नोटीस. खरं पुस्तक इथून सुरू होतं.

१० फेब्रुवारी
नोटीस तयार. 'सबब', 'उपरोक्त', 'हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने' सगळं बसवलं. 'दुष्ट बुद्धीने' पाच ठिकाणी आहे, पण एकही काढवत नाही. बायकोला वाचून दाखवली. तिसऱ्या परिच्छेदाला ती भाजी निवडायला लागली. म्हणाली, "यात आपण कोण आणि डॉक्टर कोण तेच कळत नाही." कायद्याची भाषा अशीच असते. मग म्हणाली, "अहो, मी काय म्हणते, घराचे कागद एकदा—" म्हणालो, मुद्द्याचं बोल. ती पुन्हा भाजीकडे वळली. मुद्दा नव्हताच तिच्याकडे.

१६ फेब्रुवारी
नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने गेली. शेजारी, पण रजिस्टर्डच. आज दातवाला दारात हजर. "काका, तुमचं पत्र मिळालं. या ना एकदा, बसून बोलू." पत्र! नोटिशीला पत्र म्हणतो! म्हणालो, जे सांगायचं ते लेखी सांगा. आणि दार आपटलं. अंगठा सापडला दारात. तरी ओरडलो नाही. तो पायऱ्या उतरेपर्यंत.

१७ फेब्रुवारी
लेखी उत्तर आलं. औषधाच्या चिठ्ठीवर. 'काका, भेटू या का?' खाली छापलेलं : 'वेळीच लक्ष द्या, पुढचा त्रास टाळा.' ही सरळसरळ धमकी आहे. पुरावा म्हणून जपून ठेवली.

३ मार्च
कोर्टाच्या ऑफिसात दिवस गेला. एका खिडकीत गेलो तर दुसरीत पाठवतात, दुसरीत गेलो तर तिथला माणूस जेवायला गेलेला. दावा परत केला. का? तर समास सोडलेला नाही. म्हणजे अन्यायाला जागा आहे, पण समासाला नाही म्हणून अडलं! पुन्हा लिहिला. पुन्हा परत. मागण्या काय त्या शेवटी वेगळ्या लिहा म्हणे. कारकून म्हणाला, "साहेब, एखाद्या वकिलाला दाखवून आणा ना." मी मोठ्याने म्हणालो, कायदा सगळ्यांचा आहे. मागे टाळी वाजली. वळून पाहिलं. एक बाई डास मारत होत्या.
मालकीच्या पुराव्याच्या जागी विजेचं बिल जोडलं. माझ्या नावावर आहे. ज्याचा उजेड त्याचं घर.
दावा दाखल!

२१ मार्च
विजय! कोर्टाचा मोजणीवाला टेप घेऊन आला. भिंत आमच्याच हद्दीत. झाड आमचं, झाडाभोवतीची पट्टी आमची. मी परसातच एक उडी मारली. दातवाला शांतपणे म्हणाला, "हो, मला माहीत आहे." बघा! कबुली! निर्लज्ज माणूस.
त्याची आई लिंबाखाली खुर्ची टाकून बसली होती. पडलेली पानं एकेक उचलून मांडीवर रचत होती. आमच्या पट्टीतली पानं.

२१ मार्च, संध्याकाळी
बायको म्हणाली, आजींना हल्ली काही आठवत नाही. कुंपणाच्या फटीतून दोनदा मोठ्या रस्त्यावर गेल्या. दुसऱ्या वेळी एका ट्रकवाल्याने हाताला धरून बाजूला आणलं. म्हणून भिंत. आणि त्या झाडाखाली बसल्या की शांत असतात, म्हणून झाड आत. मी म्हणालो, मला वाईट वाटतं. मनापासून वाटतं. पण हद्द म्हणजे हद्द. उद्या कोणाची आई आपल्या हॉलमध्ये शांत बसायला लागली तर?
बायको उठली. मग उशी घेऊन मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेली. बरंच झालं. अभ्यासाला शांतता लागते.

६ एप्रिल
मेव्हण्याचा फोन. "भाऊजी, कागद तरी दाखवा. एक नजर टाकतो." म्हणालो, तुझी नजर तुझ्याजवळ ठेव. म्हणाला, "ताईशी तरी नीट बोला." बघा, वकील! विषय बदलण्यात पटाईत.

१४ एप्रिल
आरशासमोर भाषण पाठ. आवाज खणखणीत लागतोय. उलटतपासणीची प्रॅक्टिस हवी म्हणून बायकोला समोर बसवलं. विचारलं, भिंत उभी राहत असताना आपण कुठे होता? म्हणाली, "इथेच." मग अडवलं का नाही? म्हणाली, "तेच तर सांगतेय कधीपासून." म्हणालो, साक्षीदाराने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. ती उठून गेली. फितूर साक्षीदार कसा असतो ते कळलं.

१८ एप्रिल, दुपारी, कोर्टाच्या कँटीनमध्ये
पेन कागद फाडतंय. रागाने.
न्यायाधीश बाई होत्या. मी सुरुवात केली, "न्यायाच्या या पवित्र मंदिरात—" म्हणाल्या, "थोडक्यात सांगा." थोडक्यात माझी तयारीच नव्हती. मोजणीचा नकाशा पुढे केला. त्यांनी पाहिला, मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.
मग विचारलं, "जागा कोणाच्या नावावर?"
"आमच्या."
"आमच्या म्हणजे?"
"म्हणजे आमच्या घराच्या."
"घर कोणाच्या नावावर?"
मी विजेचं बिल दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांनी बाजूला सारलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून बायको उठली. म्हणाली, "माझ्या. माझ्या मावशीने मला दिलंय."
हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असल्या बारीकसारीक गोष्टी कोण लक्षात ठेवतं?
बाई म्हणाल्या, "मग दावा तुम्ही करायला हवा होता. तुमची तक्रार आहे का?"
बायको म्हणाली, "नाही. डॉक्टर भिंत बांधायच्या आधी माझ्याकडे विचारायला आले होते. मीच हो म्हटलं. आजींसाठी."
मी ओरडलो, मला का नाही सांगितलं!
"सांगितलं होतं. तुम्ही दौऱ्यावर जायच्या आदल्या दिवशी. तुम्ही टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत होता. हात हलवून 'बघू नंतर' म्हणालात."
कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा हसला. दावा फेटाळला. उठता उठता बाई म्हणाल्या, "मेहनत मात्र बरीच घेतलीत." हे वाक्य निकालपत्रात घ्यावं अशी मी तिथल्या तिथे विनंती केली. फेटाळली.

१८ एप्रिल, संध्याकाळी
दातवाल्याने सगळ्यांना गाडीतून सोडतो म्हटलं. बायको बसली. मी तत्त्व म्हणून चालत आलो. पुस्तकात अपिलावर एक प्रकरण आहे. वाचणार.
राग भिंतीचा नाही. दातवाल्याचाही आता तितकासा नाही. ती भर कोर्टात 'माझ्याकडे' म्हणाली. 'आमच्याकडे' म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?
ती मुलीच्या खोलीतच आहे. दारापर्यंत जाऊन आलो. 'आमच्या'बद्दल विचारणार होतो. विचारलं, गीझर बंद केलास का. म्हणाली, "केलाय."

२७ एप्रिल, रविवार
आमच्या जेवणाच्या टेबलावर करार झाला. आमच्या म्हणजे तिच्या. बायकोने स्वतः लिहिला. एकच पान. 'सबब' नाही, 'उपरोक्त' नाही. आजी आहेत तोवर झाड आणि पट्टी त्यांना वापरायला, जागा बायकोचीच, भिंतीला मध्ये एक फाटक, कडी आमच्या बाजूने. शाळेतली पोरगीही वाचू शकेल असलं लिखाण. मेव्हणा खास आला होता. त्याने वाचलं आणि म्हणाला, "ताई, यात मला काही करायलाच नाही." दातवाल्याने सही केली. बायकोने केली. मी पेन उघडून बसलो होतो.
बायकोने कागद माझ्याकडे सरकवला आणि अगदी खाली बोट ठेवलं. साक्षीदार क्रमांक दोन. क्रमांक एक मेव्हणा.
मी म्हणालो, दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम राहिलाय.
बायको म्हणाली, "अहो, सही करा."
केली.