घरची शाई

दादा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याच पेनाने लिहिते आहे. शाई तपकिरीच आहे. या पेनाची एक गोष्ट मी दहा वर्षांची असल्यापासून तुमच्यापासून लपवली, ती आज सांगून टाकायची म्हणून बसले आहे. दुसरा कोणी बाप असता तर तेव्हाच कान पिळून वदवून घेतलं असतं आणि विषय संपला असता. तुम्ही तसले नव्हतात, हीच तर पंचाईत झाली.

रिहे गावच्या शाळेत शिकवून तुम्ही घरी यायचात, हातपाय धुवायचात, चहा घ्यायचात आणि ओट्यावर बसून दिवसाच्या चार ओळी वहीत लिहायचात. शाळेचा हजेरीपट निळ्या शाईने, गुण लाल शाईने. तपकिरी शाईची दौत मात्र तुम्ही पुण्याहून स्वतःसाठी आणायचात. मी एकदा विचारलं, हाच रंग का? तुम्ही म्हणालात, "काळी म्हंजी हुकूम, निळी म्हंजी अर्ज, लाल म्हंजी चूक. ही आपली घरची. हिच्यात कुनाकडं काय मागायचं न्हाई, कुनाला काय फर्मावायचं न्हाई." मला ते फारसं कळलं नाही. रंग मात्र जीव लावण्यासारखा होता. ओली असताना गडद दिसायची, वाळली की निवायची, आणि एकाच अक्षरात कुठे दाट तर कुठे विरळ. डोळ्यांना कधी टोचायची नाही. मी तुमच्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि अक्षरं वाळेपर्यंत तुम्ही पान उलटायचा नाहीत.

त्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत दौत आटली. पाऊस झडीचा, खाचरात कामाची घाई, पुण्याला जाणं काही होईना. तुम्ही रोज वही उघडायचात आणि मिटायचात. मला ते बघवेना. आईच्या पानाच्या डब्यातून काताचे चार खडे उचलले, गरम पाण्यात विरघळवले, फडक्यातून गाळले. रंग हुबेहूब आला, काय सांगू! ड्रॉपरने पेनात भरला आणि पेन परत तुमच्या सदऱ्याच्या खिशाला लावून ठेवलं. तुम्ही लिहाल, चकित व्हाल, मग मी सांगणार, असा सगळा बेत होता.

मी दाराआड उभी आहे. तुम्ही टोपण काढता, बहुतेक उरल्यासुरल्या थेंबावर एखादी ओळ निघेल या आशेने. निब कागदावर टेकवता. एक अक्षर उमटतं, दुसरं अर्धं, मग नुसता ओरखडा. तुम्ही पेन झटकता, निब नाकाशी नेता, गरम पाण्यात बुडवून ठेवता. आणि मग माझ्याकडे बघता.

"काय झालं, दादा?" मी विचारलं.

"कुनास ठावं. वय झालं आसंल त्याचं."

मी "व्हय" म्हणाले आणि म्हशीला पेंडी टाकायची आठवण झाल्यासारखी पळाले. एवढंच. चूक कात घालण्याची नव्हती, दादा, त्या "व्हय"ची होती.

पुढे तुम्ही निळं बॉलपेन घेतलंत. पण बंद पडलेलं पेन काही खिशातून काढलं नाहीत. त्या पावसाळ्यात त्या खिशाला मुंग्या लागायच्या. आई सदरा झटकत करवादायची, "चालंना तर कशाला मिरवताय? मुंग्याबी याच्याच मागं लागल्यात." तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ दे गं. ऱ्हाऊ दे तितंच." मला वाटायचं, तुमचा त्या पेनावर जीव आहे.

गेल्या महिन्यात धाकट्याचा फोन आला. गावच्या घराच्या मागच्या खोल्या त्याने हिंजवडीत नोकरीला असलेल्या पोरांना भाड्याने द्यायला काढल्यात. "ताई, दादांची ट्रंक हाय हितं. वह्या अन् ते पेन. नेतीस का रद्दीत घालू?" मी इकडे चांद्याहून होते तशीच निघाले. पेन शहरातल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे दिलं. त्याने भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "यात घातलं होतं तरी काय?" एक्कावन्न वर्षांची बाई मी, म्हणाले, "काय माहीत!" सवय जात नाही बघा. त्याने ते चालतं करून दिलं. आता ऑफिसातली टिपणं, वाण्याची यादी, सगळं मी तपकिरी शाईने लिहिते. ऑफिसात शेजारी बसणारा पोरगा वाकून म्हणाला, "मॅम, इस पे चाय गिरी क्या?" मी म्हटलं, नाही रे, घरची शाई आहे. त्याला काय कळणार, पण मला म्हणताना बरं वाटलं.

मग वह्या उघडल्या. शाळेच्या फळ्यावर शुद्ध लिहिणारे तुम्ही वहीत बोलल्यासारखंच लिहिलंयत. तपकिरी पानांवर मी जागोजागी सापडते. "पोरीनं इचारलं बगळा एका पायावर का हुबा ऱ्हातो. उत्तर ठावं न्हाई. बगाया पायजे." निळी पानं सुरू झाली की तुम्ही आखडलात. पाऊस. लावणी झाली. पाहुणे आले. पण निळ्यातली अगदी पहिली ओळ अशी आहे: "पोरीनं पेनात कात घातलाय. वासावरनं कळलं. बोलायचं न्हाई. आपनहून सांगंल."

आणि मी बारावी होऊन शिकायला पुण्याला निघाले त्या दिवशीची: "आज गेली. पेनाचं काय बोलली न्हाई."

ते पेन तुम्ही माझ्यासाठी खिशाला लावत होतात. मला रोज दिसावं म्हणून. मी वही मांडीवर घेऊन खूप रडले, दादा. सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात, दुसरं पेन आणलं असतंत, आणि त्या सगळ्या वर्षांची पानं तपकिरी झाली असती.

हा कागद टाकायला पत्ता नाही. त्या पहिल्या निळ्या पानाशीच दुमडून ठेवते. पण आपणहून सांगायचं म्हटलं, तर आता सांगू काय? कात तुम्हाला माहीतच होता. बरंच आठवल्यावर एक गोष्ट निघाली, जी तुमच्या वहीत कुठेच नाही. शाईला चकाकी यावी म्हणून मी त्यात दोन चमचे साखरही घातली होती. मुंग्या त्या साखरेच्या होत्या.