मारेगावात उंट चावतात त्याची हकिकत

मारेगाव, रविवार

तीर्थस्वरूप सौ. कुंदाताईस,

धाकट्या नरहरचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे नागपूरच्या जिन्याशी जुळवून घेत असतील आणि भावोजींची साखर त्यांच्या आवाजाइतकी चढत नसेल, अशी आशा आहे. इकडे सगळं उत्तम, म्हणजे माझी नोकरी अजून आहे.

तुझ्या सलीलच्या कंपनीने आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात केसपेपरऐवजी संगणक बसवला, त्याला आता दोन महिने होतील. (पोरगा हुशार आहे, हे मी त्याच्या मुंजीपासून सांगतोय. तेव्हा त्याने भटजींचं घड्याळ उघडून ठेवलं होतं.) सोय फार झाली. कागद गेले, माझं गिचमिड अक्षर गेलं आणि रोग्याकडे बघायची कटकटही गेली. पूर्वी जीभ बघावी लागे, पोट दाबावं लागे, सुनेशी बिनसलंय का तेही विचारावं लागे. आता मी फक्त रकाने भरतो. आधी पिनकोड, मग दुखणं. परवा धुरपताबाई बराच वेळ थांबून म्हणाली, "डाक्टरसायेब, दुखून मले राह्यलं, अन् तुमी त्या डब्ब्याले काहून पाहून राह्यले?" मी म्हटलं, विचारतो डब्बा, मी नुसता लिहून घेतो. तिने जाताना डब्ब्यालाच हात जोडले.

पण खरी करामत निदानाची. ताई, घरातली म्हणून तुला सांगतो, पहिल्या दिवशी आम्हा डॉक्टरांना पुष्कळदा काही कळलेलं नसतं. 'तीन दिवस गोळ्या घ्या, मग पाहू' यावर माझी सगळी प्रॅक्टिस उभी आहे. सलीलच्या यादीत 'मग पाहू' नाही. निदान निवडल्याशिवाय पान सरकत नाही, पान सरकल्याशिवाय औषधाची चिठ्ठी निघत नाही, आणि बाहेर तर बाजाराच्या दिवशीची रांग. यादी त्याने कोणत्या क्रमाने लावली देव जाणे, सगळ्यात वर होतं 'उंटाचा चावा'. मी तेच दाबत गेलो. आमची नवी डॉक्टर प्रेरणा (तत्त्वाची आहे, अजून) आठवडाभर यादी चाळत बसली. मग तिच्या रांगेतल्या बायका कावल्या आणि तिच्याही रोग्यांना उंट चावू लागले. खोकला, पित्त, गजकर्ण, सगळं उंटाने केलं. औषधं बरोबर दिली होती, माणसं बरी झाली, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

मग वर जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात कुणीतरी रोगांचा नकाशा उघडला आणि त्यात मारेगाव लालभडक दिसलं. खात्याचे साहेब पथक घेऊन आले. मी साहेबांना खरं सांगणारच होतो, पण त्यांनी आल्याआल्याच ट्रस्टींसमोर आमच्या नोंदींचं इतकं कौतुक केलं, की मध्येच तोंड उघडणं मला असभ्यपणाचं वाटलं. आणि नेमके इथे उंट निघाले. शेवटची वेचणी होऊन कपाशीची उलंगवाडी झाली, शेतं मोकळी झाली, की काठेवाडी लोक मेंढ्या घेऊन दरसाल येतात. त्यांच्यातल्या वेलाभाईचा तळ इथल्या देवरावच्या शेतात असतो, देवरावला मेंढ्यांचं खत मिळतं. वेलाभाईचे दोन उंट खाटा, भांडी आणि कोकरं वाहतात, आणि माणूस दिसला की मान फिरवतात. साहेबांनी लांबूनच त्यांचे फोटो काढले आणि सोमवारपर्यंत तालुका सोडायची नोटीस दिली.

वेलाभाईची बायको लाखीबाई माझीच पेशंट. नववा महिना, ब्लडप्रेशर वाढलेलं, पायाला सूज. तिने खाटेवरून उठायचं नाही, असं मीच बजावलेलं. काल वेलाभाई माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "माझा उंट कोणाले चावला ते दाखवा, साहेब. मी त्याचे पाय धरतो." मी संगणकाकडे बघितलं. ताई, मला फार लाज वाटली.

भावोजींना नमस्कार, सलीलला अनेक आशीर्वाद.

तुझा,
नरहर

ता. क. मुख्य काम राहिलंच. सलीलला सांगून उंटाचे सगळे चावे गुपचूप पुसायला लाव. माझा फोन तो घेत नाही, 'तक्रार नोंदवा' असा निरोप येतो. आईचा घेत असेल.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज सोमवार. सलीलशी अजिबात बोलू नकोस. सकाळी वेलाभाई लाखीबाईला उंटावर बसवत होता. मी तिथेच साहेबांना फोन लावला आणि मग साध्या कागदावर लिहून दिलं, की मारेगावात उंट कुणालाही चावलेला नाही, त्या नोंदी मी रांग उरकायला केल्या. (प्रेरणाचं नाव घातलं नाही. तिला अजून कर्ज काढून लग्न करायचंय.) नोटीस थांबली. लाखीबाई आमच्या वॉर्डात आहे. आता नोंदी पुसल्या, तर मी पुरावा नष्ट केला असं होईल, आणि उंटावरचा आळ तसाच राहील. चौकशी माझी लागली आहे. ट्रस्टींनी मला उद्यापासून घरी बसायला सांगितलंय. मागची खोली झाडून ठेव. भावोजींना मात्र मी सुट्टी घेऊन खास त्यांची साखर बघायला येतोय, असं सांग.