हवा झालेली भाची

वय आणि वजन या उभय बाबतींत आपल्याहून कनिष्ठ असलेल्या या आप्ताचा मेहुणेमहाराजांच्या चरणी सविनय प्रणिपात.

आपला गुडघा एव्हाना आपल्या आज्ञेत आला असेल, अशी आशा आहे. इकडील सर्व क्षेम. आपली भगिनी मजवर पूर्ववत नाराज आहे.

‘पोरगी स्वप्नाळू आहे, शास्त्र हे तिचे काम नव्हे, तिला परत धाडा, दुकानात बसवतो’ असे आपण लिहिलेत. तत्पूर्वी आमच्या बीजपरीक्षण प्रयोगशाळेतील वृत्तांत श्रवण करावा. उबदार खोलीच्या एका कोपऱ्यातले बियाणे काही केल्या अंकुरेना. प्रमुख या नात्याने मी बियाणे बदलले, पाणी बदलले, अखेर सहायकावर संशय घेतला (हा माझ्या शास्त्रीय पद्धतीचा अंतिम टप्पा). दारापाशी टांगलेला तापमापक मात्र सर्व यथास्थित असल्याची ग्वाही देत होता. अशा गंभीर प्रसंगी आपली कन्या हीटरशेजारी जमिनीवर डोळे मिटून बसलेली!

“झोपा काढतेस होय गं?” मी गरजलो.

“शू, आतोबा! मी हवा झालेय. तापले, वर गेले, छताला लागले... आता त्या कोपऱ्यात उतरायचंय, पण वाटेत कुणीतरी आडवं आलंय.”

आपले स्वप्नाळूपणाचे निदान अचूक, असे क्षणभर मलाही वाटले. परंतु ती उठली आणि टिशू कागदाची पट्टी धरून खोलीभर हिंडली. पट्टी सर्वत्र थरथरली. त्या कोपऱ्यात मात्र माझ्यासारखी ढिम्म. अडथळा दूर होताच (त्याच्या तपशिलात शिरण्याचे प्रयोजन नाही) आठवडाभरात तिथे कोंब डोकावले. मेहुणेमहाराज, मी जन्मभर जे दिसते तेवढेच मोजत आलो. न दिसणारे आधी मनात पाहायचे आणि मग स्वतःच्याच कल्पनेकडे निर्दयपणे पुरावा मागायचा, हे या पोरीकडून शिकलो. याला स्वप्नाळूपणा म्हणत असाल, तर ही व्याधी आमच्या अवघ्या प्रयोगशाळेला जडो.

आपल्या भगिनीचा सहनशील पती

ता. क. : अडथळा म्हणजे माझा लोकरी कोट. अंगात घालताना उबदार लागावा म्हणून मी तो त्या कोपऱ्यातल्या मांडणीवर टांगत असे. तो आपणच दिलेला, आपल्याच मापाचा. त्यापुढे हवेची काय कथा?

पुन्हा ता. क. : आपण तिला परत बोलावल्याचे तिला ठाऊक नाही. आपण ते पत्र लिहिलेच नाही, एवढी कल्पना आपण करावी. पुरावा मी नष्ट केला आहे.