माळ्यावरची चारशे बिऱ्हाडं

४ मे
चारशे बारा! वाचनालयाच्या माळ्यावरून संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळं रस्त्यावर उभी राहून मोजली. मान अवघडली, केसांत लेंड्या.
अध्यक्षांना विष फवारायचंय. निवृत्त दंतवैद्य ते — "कीड लागली की मुळासकट उपटायची!" बघतेच मी.

५ मे
दादा : "वटवाघूळबाई, ताट उलटं वाढू का?"
आई : "चिडवू नकोस रे तिला. आणि तू गं, आधी डोकं धू."

९ मे
वाचनालयाच्या सभेत बोलले. कागदाकडे न बघता! डास, किडे, पिकं, सगळं सांगितलं — ढिम्म. मग म्हटलं, विष मारा खुशाल, पण चारशे मढी छतात कुजतील आणि वाचक नाकाला रुमाल लावून येतील. सगळे एकदम सरळ बसले!
माझा तोडगा : फटींवर वरून जाळी सोडायची, खालून मोकळी. बाहेर सरपटत येता येतं, परत आत शिरता येत नाही. राहायला मागच्या झाडांवर लाकडी पेट्या. कुणी मरत नाही.
आठ विरुद्ध तीन. मंजूर!!
अध्यक्ष : "वकील व्हायचं सोडून कुठे पाखरांत पडलीस?" पाखरं नाहीत हो ती, म्हटलं.

११ मे
जाळ्या लागल्या. शिडीवर माझा फोटो. संध्याकाळी सगळी बाहेर.

१२ मे
पहिल्या पानावर मी! दादाने गुपचूप कात्रण फ्रिजला चिकटवलं. दोन शाळांमधून भाषणाचं बोलावणं. एका शाळेत वटवाघळाच्या तोंडून बोलणार — प्रयोग!

१३ मे
पेट्या रिकाम्या. सकाळ झाली तरी कितीतरी वटवाघळं जाळीलाच चिकटून. सवय सुटायला वेळ लागतो — वर्तमानपत्रवाल्याला तसंच ठणकावून सांगितलं.
आत्ता ग्रंथपालबाईंचा फोन. "अगं, माळ्यावर काहीतरी चिरचिरतंय. सारखं. मला वाचवेना." उंदीर असतील म्हणाले. फोन ठेवला, आणि वरच्या तारखेकडे लक्ष गेलं — मे महिना.
निघते.

१३ मे, दुपार
पिल्लं. शेंगदाण्याएवढी, उघडी, उडता न येणारी. मे महिन्यात पिल्लं होतात हे मीच सगळ्यांना सांगत असते! माळ्यावर एकदाही चढले नव्हते. उडणारी तेवढी मोजली.
बरीचशी गार. काही अजून तोंड उघडतात. जाळ्या हातांनीच फाडल्या. आया माझ्या बोटांवरून आत शिरल्या.
शिडीखालून अध्यक्ष : "फसलं म्हणायचं का? मग आता विष?"
"सगळी उडायला लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," म्हटलं. "मारायची तेवढी मी मारलीत."