‘नक्की ना?’ विचारणारं बटण

१२ ऑगस्ट, शनिवार

तीर्थरूप आईंना,

सूनबाईचा साष्टांग नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. ताईंकडे तुमची तब्येत बरी असेलच. रागात असलात की ती उलट सुधारते. इकडे सगळं ठीक. निळं पातेलं तेवढं गेलं. तुमचे चिरंजीव हल्ली स्वतः डबा भरतात आणि झाकण घरी विसरतात.

आता मुद्द्याचं. माझ्या वर्गात तुम्ही हौसेने वेबपेज करायला शिकायला आलात आणि पहिल्याच स्वाध्यायाला शून्य मिळालं. सगळ्यांदेखत म्हणालात, “यंत्राच्या आडून सासूवर उट्टं काढलंस!” आणि बॅग भरून लेकीकडे निघून गेलात. आई, उट्टं काढायचंच असतं तर मी तोंडावर काढलं असतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तपासणारा प्रोग्राम माझा, हे खरं. पण कोण कुणाची सासू हे त्याला कळत नाही. तो पानावर एक नाव टाइप करतो, बटण दाबतो आणि ‘नमस्कार’ उमटला की गुण देतो. तुमच्या पानावर त्याने बटण दाबलं, तर नमस्काराऐवजी एक चौकट उघडली: “नक्की ना? नीट बघितलंस?” असं काही विचारायला मी सांगितलंच नव्हतं. बिचारा ताटकळत बसला, वेळ संपली, शून्य.

चौकट बघून मी एकटीच मोठ्याने हसले. “गॅस बंद केलास? नक्की ना?” “किल्ली घेतलीस? नीट बघितलंस?” लग्न झाल्यापासून रोज दारात चप्पल घालताना मी हे ऐकून वैतागते आहे.

चूक माझ्या प्रोग्रामची. कुणी विचारलं तर ‘हो’ म्हणायला मी त्याला शिकवलं आणि अख्ख्या वर्गाचे स्वाध्याय पुन्हा तपासले. तुम्हाला दहापैकी नऊ. नाव न लिहिता बटण दाबलं तरी तुमचं पान नमस्कार करतं, त्याचा एक गुण कापला आहे. तो मागू नका, मिळणार नाही.

पातेल्याचं सांगायचं राहिलं. मंगळवारी दूध तापत ठेवून मी कामावर निघून गेले. शेजारणीला वास आला आणि तिच्याकडे आपली किल्ली होती, म्हणून निभावलं. निघताना मी दारात थांबले होते, आई. चप्पल घालून झाली तरी उगाच उभी होते. कुणी काही विचारलं नाही, मग गेले.

तुमच्याशिवाय मला करमत नाही. हे तोंडावर म्हणायला मात्र मला जमलं नसतं.

पुढचा स्वाध्याय सोमवारी आहे. त्याच्या आत घरी या. वाचून तुम्ही दोनदा विचाराल, हे मला माहीत आहे, म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवते.

हो, नक्की. नीट बघितलंय.

तुमचीच,
सूनबाई