बैठकीखालची फडकी

दादा,

तीर्थरूप असं लिहिणार होतो. लेखणी अडली. मी तुझ्यावर चिडलो आहे, आणि चिडलेल्या हातानं केलेला नमस्कार तुला चालला नसता.

उद्या सकाळी मॅजिस्ट्रेटांपुढे माझी साक्ष आहे, म्हणून आज लिहितो. सरकारी होडी कुणी जाळली, असं ते विचारतील. सगळ्या घडियाळी पोळीला, आपल्या अख्ख्या गल्लीला, उत्तर ठाऊक आहे: होडी वल्हवणाऱ्या रणछोड खारव्यानं. तुझ्या तालमीतल्यांनी त्याला धरून लाथा घालत चौकीपर्यंत नेला. त्याची एक बरगडी मोडली आहे. उद्या मी गप्प बसलो तर त्याचा उरलेला जन्म तुरुंगात जाईल.

होडी कशानं जळली ते तुला ठाऊक आहे. मलाही आहे.

तू ती होडी कशी राखायचास! आजोबा घोड्याला खरारा करत, तसा तू सागाला काचकागद मारायचास. पण आजोबा घोड्याशी बोलत. तू लाकडाशी भांडायचास. उन्हानं उडालेलं जुनं वार्निश फुटक्या काचेनं खरवडताना तुझ्या दंडाच्या शिरा ताठ व्हायच्या. "रेषेनं घास, गोविंदा! आडवं घासशील तर हात मोडीन!" आणि खरंच मोडशील असं वाटायचं. सूरसागर तलावावरचं ऊन सागाला राखाडी करतं, पाणी त्याला काळे डाग पाडतं. दर वर्षी तू दोघांना हरवायचास. घासून, धुऊन, वाळवून, उकळलेलं अळशीचं तेल फडक्यानं जिरवायचं. ते नीट सुकलं की वर चंद्रूसाचं वार्निश, हातावर हात. कठडा असा दिसायचा की होडीत फिरायला येणाऱ्या सरकारी पाहुण्यांच्या बायका त्याला हात लावून बघायच्या. तेव्हा तू घाटावर पाठ करून उभा राहायचास. हसू दिसू नये म्हणून ना?

तेलाच्या फडक्यांचा तुझा नियम होता. काम संपलं की फडकी पाण्यात बुडवायची आणि घाटाच्या पायऱ्यांवर एकेक सुटी पसरायची. बोळा करायचा नाही. तेल सुकताना तापतं, बोळ्यात ती आच कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. मी एकदा बोळा करून कोपऱ्यात टाकला तेव्हा तू कानफटात अशी दिलीस की त्या कानानं मला अजून कमी ऐकू येतं. मी तक्रार केली नाही. नियम बरोबर होता.

मग त्या दिवशी काय झालं, दादा?

रणछोड होडी घाटाला लावत होता. वारा आला, होडी पायरीला घासली, आणि नव्या वार्निशावर बोटभर लांब ओरखडा उठला. एवढंच. रणछोडला हसायची खोड होती. म्हणाला, "एय पैलवान, मोढुं का पाडतोस? होडीचं लगन छे के? रोज पीठी चोळतोस!" पीठी म्हणजे त्यांच्यातली हळद. घाटावरचे धोबी हसले. मीसुद्धा हसलो.

तू मोगरी उचललीस. लाकडी मोगरी, खुंट्या ठोकायची. एकच घाव. त्याचे पुढचे दात पायरीवर पडले. तो खाली बसला तरी तू थांबला नाहीस. मी तुझ्या कमरेला मिठी मारली तेव्हा तू मला झटकून पाण्यात फेकलंस. मी वर आलो तर रणछोड तोंड धरून उभा होता. रक्तातून ओरडला, "तारी होडी बाळी नाखीश!" जाळून टाकीन. सगळ्यांनी ऐकलं. मग तो निघून गेला. कुठं गेला ते कुणी पाहिलं नाही. आज तो सांगतो, महादेवाच्या ओट्यावर पडून होतो. साक्षीला फक्त महादेव.

मला तू घरी पिटाळलंस. भर दुपारी कठड्याचा तेवढा भाग तू एकट्यानं पुन्हा घासलास, तेल दिलंस. उन्हं कलल्यावर घरी आलास तेव्हा धोतरावर त्याचं रक्त होतं. वहिनी म्हणाल्या, "हे काय?" तू म्हणालास, "वाढ." अर्ध्या जेवणात तूच बोललास, "फडकी तशीच कोंबली होडीच्या बैठकीखाली. त्या खारव्यानं डोकं फिरवलं."

मी ताटावरून उठलो. "जाऊन पसरून येतो."

"बस खाली."

"दादा, बोळा आहे तो."

"बस म्हटलं ना!" आणि खांद्यावर हात दाबून तू मला बसवलंस. एवढा राग कुणाचा होता? माझा? रणछोडचा? की नियम तू मोडलास हे मी तोंडावर म्हटलं, त्याचा?

आपण हात धूत होतो तेव्हा हाक आली. दिवस मावळायचा होता. होडीवरची लाकडी छत्री पेटली होती. लोक घाटावरून घागरी ओतत होते, आणि तेलात मुरलेला साग त्यांना जुमानत नव्हता. तू धोतर खोचून उडी मारलीस. तुझा विचार मला लगेच कळला: तळाचं बूच काढायचं, होडी बुडवायची, म्हणजे आग विझेल. शाबास! ते कुणालाच सुचलं नव्हतं. बूच तू काढलंस. होडी बसायला लागली. मग छत्री तुझ्यावर कोसळली आणि पाण्यानं दोघांनाही एकदमच आत घेतलं.

आम्ही तुला बाहेर काढलं तेव्हा कठड्यावर तुझं वार्निश फोडांसारखं उठलं होतं. तुझी पाठही. याहून जास्त लिहीत नाही.

तालमीत तुझी तसबीर लावणार आहेत. वस्ताद मला म्हणाले, "सिंहासारखा मेला तुझा भाऊ. आता त्या खारव्याला जिवंत बाहेर येऊ द्यायचं नाही." पोळीतल्या बायका वहिनींना सांगतात, तुमचा नवरा सरकारच्या होडीसाठी गेला. वहिनी मान हलवतात. त्यांच्याकडे दुसरं उरलं आहे काय? मी ते कसं काढून घेऊ? दिवसामागून दिवस सरले आणि मी गप्प राहिलो. त्या रोज सकाळी रणछोडला तळतळाट देत राहिल्या.

काल परसात तेच तेल घेतलं, तशीच फडकी भिजवली, बोळा करून डब्यात कोंबला आणि उन्हात ठेवला. दुपार कलताना वहिनी बाहेर आल्या.

"भाऊजी, काय जळतंय?"

"मी काही पेटवलं नाही, वहिनी. हात लावून बघा."

त्यांनी डब्याला हात लावला आणि मागे घेतला. धूर निघत होता. फडकी मधून काळी पडत होती. त्या बघत राहिल्या. मग डबा चिमट्यानं उचलून त्यांनी भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला, चेपून पत्रा झाला तरी आपटत राहिल्या. तू कधी त्यांचा आवाज चढलेला ऐकलास? मी काल ऐकला. "स्वतःच्याच हातानं गेले, आणि मी कुणाच्या नावानं बोटं मोडत बसले!"

मी म्हटलं, "साक्षीत मी सांगतो. तुम्ही नका येऊ."

"का नको? जेवताना ते बोलले ते मी ऐकलं नाही का? बहिरी होते मी?" मग राख झाडत म्हणाल्या, "तुमचा एक कान तर त्यांनीच घालवलाय. उलटतपासणीत दोन कान तरी धड लागतील."

आम्ही हसलो, दादा. तू गेल्यावर पहिल्यांदा. मग त्या चुलीपाशी जाऊन रडल्या.

आज संध्याकाळी तालमीतला निरोप आला: साक्ष जपून दे, आम्ही कचेरीबाहेर आहोत.

तू शूर होतास, हे मी सांगेन. पेटलेल्या होडीत तू उतरलास, हेही सांगेन. आणि ती कुणाच्या फडक्यांनी पेटली, तेही. यातलं एकही गाळणार नाही. रणछोड सुटला की मी स्वतः त्याला धरून घरापर्यंत नेईन. बाहेर तुझे लोक उभे असतील. त्यांनी हात उचलला तर मी उलट उचलणार नाही, आणि त्याच्या पुढून बाजूलाही होणार नाही. मार कसा खायचा ते तू मला चांगलं शिकवलं आहेस. हे वचन समज.

तुझ्या हाताखाली वाढलेला,
गोविंद